पोर्ट ६६४ वर नाहीशी होणारी पॅकेट्स

पुण्यात गुरुवार हा वीज देखभालीचा वार. आमच्या विभागाच्या इमारतीतही मधूनमधून गुरुवारी सकाळी वीज जायची. यूपीएसच्या भरवशावर दिवस काढणं शक्य नसायचं, म्हणून आम्ही आदल्या संध्याकाळीच क्लस्टर, म्हणजे एकत्र काम करणारे आमचे संगणक, शिस्तीत बंद करायचो आणि वीज आली की पुन्हा चालू करायचो. बहुतेक वेळा सगळं नीट सुरू व्हायचं. पण एखाद्या शुक्रवारी माझ्या खोलीच्या दारात दोन-तीन विद्यार्थी उभे असायचे. "मॅडम, लॉगिन होत नाहीये. पासवर्ड टाकला की नुसतं थांबून राहतं."

ही गोष्ट सेंटओएस ६ या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या काळातली आहे. क्लस्टर फार मोठा नव्हता. एक हेड नोड, म्हणजे मुख्य यंत्र, आणि त्याच्यामागे रॅकमध्ये गणनेचे नोड. विद्यार्थी त्यावर डब्ल्यूआरएफ हे हवामानाचं प्रतिमान चालवायचे. खाती एनआयएसवर, म्हणजे सगळ्या यंत्रांना खात्यांची एकच यादी पुरवणाऱ्या व्यवस्थेवर होती: हेड नोडवर वायपीसर्व्ह चालायचं, प्रत्येक नोडवर वायपीबाइंड असायचं आणि कोण वापरकर्ता, त्याचं घर (त्याच्या फाइलींचं फोल्डर) कुठे, हे सगळं नोड हेड नोडला विचारायचे. घरं एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्या यंत्रांना दिसणाऱ्या डिस्कवर होती. त्या काळी असंख्य महाविद्यालयांत आणि संशोधन संस्थांत हीच जुळणी असायची. जुनी, सोपी आणि सगळ्यांना ठाऊक असलेली.

दोष विचित्र होता. हेड नोडवर लॉगिन व्हायचं. नोड पिंगला उत्तर द्यायचे. रूटने एसएसएच केलं की आत जाता यायचं, कारण रूटचं खातं नोडवरच असतं. फक्त विद्यार्थ्यांपैकी कोणाला नोड ओळखायचाच नाही. हेड नोड पुन्हा सुरू केला की सगळं जागेवर यायचं आणि पुढचे कितीतरी आठवडे काही व्हायचं नाही. नुसती वायपीसर्व्ह सेवा बंद करून चालू केली तरी बरं वाटायचं.

"रीस्टार्ट केलं की चालतंय ना, मग सोडून द्या," असं मला अनेकांनी सांगितलं. मला ते पटत नव्हतं. रीस्टार्टने बरा होणारा दोष सर्वांत महाग पडतो, कारण तो कधीच समजत नाही आणि नेमका गरजेच्या वेळी परत येतो. आमच्याकडे ज्या मुलीचा प्रबंध मान्सूनच्या पावसावर होता, तिची प्रतिमानं दिवसचे दिवस चालायची. तिच्या कामाच्या मधे हेड नोड पुन्हा सुरू करायचा म्हणजे तिच्या मेहनतीवर पाणी. तिने कधी तक्रार केली नाही, फक्त विचारायची, "मॅडम, कारण कळलं का?" कारण शोधायचं, हे मी तिथेच ठरवलं.

पहिली गोष्ट केली ती साधी होती. प्रत्येक वेळी यंत्र सुरू झालं की कुठली सेवा कुठल्या पोर्टवर आहे ते सांगणाऱ्या आरपीसीइन्फो या आज्ञेचं उत्तर एका फाइलमध्ये तारखेसह साठवून ठेवायला सुरुवात केली. आरपीसी म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्राकडून काम करून घ्यायची पद्धत. तिच्या सेवांचा स्वभाव थोडा सांगायला हवा. पोर्ट म्हणजे यंत्रावरच्या एखाद्या सेवेचा दार-क्रमांक. वेब सर्व्हर ८० वर किंवा ४४३ वर बसतो हे ठरलेलं असतं. एनआयएसच्या सेवांना असं ठरलेलं घर नसतं. त्या सुरू होताना मिळेल तो पोर्ट घेतात आणि १११ या ठरलेल्या पोर्टवर बसलेल्या आरपीसीबाइंडकडे आपला पत्ता नोंदवतात. कोणाला वायपीसर्व्ह हवं असेल तर तो आधी १११ वर विचारतो, "कार्यक्रम क्रमांक १००००४ कुठे आहे?" उत्तर मिळतं, "आज अमुक पोर्टवर." पुढच्या वेळी यंत्र चालू झालं की पत्ता बदललेला असू शकतो.

काही महिन्यांच्या फाइली जमल्यावर एके दिवशी त्या शेजारी शेजारी ठेवल्या. चांगल्या दिवशी वायपीसर्व्हचा यूडीपी पोर्ट (यूडीपी आणि टीसीपी या नेटवर्कवरून माहिती पाठवायच्या दोन पद्धती) काहीही होता, ७०० च्या आसपास, ८०० च्या पुढे, कधी ९०० च्या घरात. बिघडलेल्या दिवशी तो ६२३ होता नाहीतर ६६४. तिसरा आकडा कुठेच नव्हता.

हा धागा मिळाल्यावर पुढची परीक्षा करायला बिघडलेल्या शुक्रवारची वाट पाहायची गरज उरली नाही. वायपीसर्व्हला सुरू होताना पोर्ट सांगता येतो. कामाची गर्दी नसलेल्या वेळी मी त्याला मुद्दाम ६६४ वर बसवलं. दोष लगेच समोर उभा राहिला. ६६५ वर बसवलं, दोष गेला. ६२३ वर पुन्हा आला, ६२४ वर गेला.

मग बारकाईने पाहिलं. नोडवरून हेड नोडला टीसीपीने वायपीसर्व्ह विचारलं तर उत्तर येत होतं. यूडीपीने विचारलं तर मुदत संपेपर्यंत शांतता. तोच यूडीपीचा प्रश्न हेड नोडने स्वतःलाच विचारला तर "तयार आहे" असं उत्तर. याचं कारण साधं आहे. यंत्र स्वतःच्या पत्त्यावर काही पाठवतं तेव्हा ते पॅकेट, म्हणजे माहितीचं पाकीट, नेटवर्क कार्डापर्यंत जातच नाही, कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, आतल्या आत फिरून परत येतं. म्हणजे दोष केबलच्या आणि कार्डाच्या वाटेवर कुठेतरी होता, वायपीसर्व्हमध्ये नव्हता. फायरवॉल तर आतल्या नेटवर्कवर बंदच होती. तरीही मी तिचे नियम पुसून पुन्हा पाहिलं, कारण अशा वेळी सगळेजण सर्वांत आधी फायरवॉलचंच नाव घेतात.

टीसीपीडम्प हा येणारी-जाणारी पॅकेट्स दाखवणारा प्रोग्रॅम दोन्ही बाजूंना लावला. नोडवर प्रश्न बाहेर पडताना दिसत होता, हेड नोड पोर्ट ६६४ असा स्पष्ट पत्ता घेऊन. हेड नोडवर १११ चे प्रश्न येताना दिसत होते, ६६४ चे नाहीत. एकही नाही. टीसीपीडम्प फायरवॉलच्याही आधी पॅकेट पाहतो, म्हणजे कर्नलच्या हाती ते कधी पडलंच नव्हतं.

संस्थेचं नेटवर्क सांभाळणाऱ्या सरांना मी बोलावलं. अनुभवी माणूस, आणि कुठल्याही तक्रारीला हलकं न समजणारा. त्यांनी स्विचवर हेड नोडच्या पोर्टाचा आरसा दुसऱ्या पोर्टावर काढला, तिथे लॅपटॉप लावला आणि वायरशार्क उघडलं. मी नोडवरून प्रश्न पाठवत राहिले.

"मॅडम, पॅकेट आमच्या स्विचमधून निघतंय. हे बघा, ६६४, तुमच्याच केबलमध्ये चाललंय."

"सर, माझ्या बाजूला ते येत नाहीये."

"मग मधे कोणीतरी घेतंय. आणि मधे आता फक्त तुमचं कार्ड उरलंय."

त्यांच्या या वाक्यानंतर मी इथटूल या आज्ञेने कार्डाचे आकडे काढले. कार्ड चालवणाऱ्या ई१०००ई या ड्रायव्हरच्या यादीत तळाकडे तीन आकडे असतात, ज्यांच्याकडे कोणी पाहत नाही. त्यांच्या नावांत एसएमबस हा शब्द आहे: आलेली, गेलेली आणि टाकून दिलेली पॅकेट्स. नोडवरून मी एक एक प्रश्न पाठवत गेले आणि इकडे एसएमबसवरून आलेल्या पॅकेट्सचा आकडा त्याच तालात वाढत गेला. प्रश्न थांबवले की आकडा थांबायचा. सर माझ्या खुर्चीमागे उभे राहून ते पाहत होते. हरवलेली पॅकेट्स कुठे जातात ते आम्हा दोघांना तिथे डोळ्यांनी दिसलं.

एसएमबस ही मदरबोर्डवरची हळू चालणारी छोटी बस. आमच्या मदरबोर्डवर तिच्या दुसऱ्या टोकाला बीएमसी होती.

बीएमसी म्हणजे सर्व्हरच्या आत बसवलेला स्वतंत्र छोटा संगणक. त्याला स्वतःचा प्रोसेसर असतो, स्वतःची मेमरी असते, स्वतःचं फर्मवेअर असतं. सर्व्हर बंद असला तरी केबलमध्ये वीज आहे तोवर तो जागा असतो. पंखे, तापमान, वीजपुरवठा यांवर लक्ष ठेवतो आणि दूरवरून सर्व्हर चालू-बंद करू देतो. त्याच्याशी बोलायची पद्धत म्हणजे आयपीएमआय. इंटेल, एचपी, डेल आणि एनईसी यांनी १९९८ साली तिची पहिली आवृत्ती काढली. २००१ च्या १.५ आवृत्तीत नेटवर्कवरून बोलायची सोय आली आणि २००४ मध्ये २.० आली. नेटवर्कवरचं हे बोलणं यूडीपी ६२३ वर चालतं. हा पोर्ट मुळात एएसएफ नावाच्या व्यवस्थापन पद्धतीचा, तिचीच सुरक्षित बाजू ६६४ वर आहे. पोर्टांच्या जागतिक यादीत दोन्ही आकडे याच कामासाठी नोंदलेले आहेत.

बीएमसीला नेटवर्कवर यायला दोन वाटा असतात. एक तिची स्वतःची, वेगळ्या केबलची. दुसरी उसनी: सर्व्हरच्याच नेटवर्क कार्डातून, एसएमबस किंवा एनसी-एसआय या आतल्या जोडणीने. उसन्या वाटेत कार्डाला सांगून ठेवलेलं असतं की अमुक प्रकारचं पॅकेट आलं की ते कर्नलला न देता बीएमसीला दे. चांगल्या मांडणीत बीएमसीचा मॅक पत्ता आणि आयपी पत्ता वेगळा असतो आणि कार्ड तो पाहूनच वाटणी करतं. आमच्या कार्डाचा फिल्टर फक्त पोर्टाचा आकडा पाहत होता. पॅकेट हेड नोडच्या नावाचं असलं तरी आकडा ६२३ किंवा ६६४ असला की ते बीएमसीकडे. जुन्या वाड्यात दोन बिऱ्हाडांना मिळून टपालाची एकच फळी असावी आणि एकाने पाकिटावरचं नाव न वाचता ठरावीक रंगाची सगळी पाकिटं उचलून न्यावीत, तसं ते चाललं होतं. बीएमसीला त्या पॅकेटमधलं एनआयएसचं बोलणं कळत नव्हतं, ती ते गप्प टाकून देत होती. पाठवणाऱ्याला नकारसुद्धा मिळत नव्हता, म्हणून तो मुदत संपेपर्यंत वाट पाहत बसायचा.

या सगळ्यात कोणी नियम मोडलेला नव्हता. बीएमसी आपल्या नोंदलेल्या पोर्टवर ऐकत होती. वायपीसर्व्ह मोकळा दिसलेला पोर्ट घेत होतं. कर्नलच्या तक्त्यात ६६४ खरंच मोकळा होता, कारण तो तक्ता फक्त कर्नलच्या स्वतःच्या सॉकेटांचा असतो. त्याच केबलवर दुसरा संगणक ऐकतोय हे कर्नलला कळायला मार्गच नाही. हे त्याला माणसाने सांगावं लागतं.

मग असं कधीमधीच का व्हायचं, याचं उत्तर मला जीलिबसी या लिनक्सच्या सी लायब्ररीच्या मूळ कोडमध्ये मिळालं. ते वाचताना मिळालेला आनंद अजून आठवतो. युनिक्समध्ये १०२४ च्या खालचे पोर्ट फक्त रूटला घेता येतात, म्हणून जुन्या आरपीसी सेवा मुद्दाम तिथलाच पोर्ट घेतात. समोरच्याला खात्री पटते की पलीकडे रूटचीच प्रक्रिया आहे. तो पोर्ट देणारं फंक्शन म्हणजे बाइंडरेझव्हपोर्ट. ते ६०० ते १०२३ या ४२४ आकड्यांत शोधतं आणि सुरुवात कुठून करायची हे प्रक्रियेच्या क्रमांकावरून ठरवतं: पीआयडीला ४२४ ने भागायचं, बाकी उरेल ती ६०० मध्ये मिळवायची. पीआयडी २६०८ असेल तर बाकी ६४, म्हणजे सुरुवात ६६४ पासून. पीआयडी २५६७ असेल तर बाकी २३, सुरुवात ६२३ पासून. प्रक्रियेला आणखी सॉकेट लागलं की पुढचा आकडा.

यंत्र सुरू होताना सेवा ठरलेल्या क्रमाने येतात, म्हणून पीआयडी दर वेळी जवळपास सारखे पडतात, पण अगदी तेच नाही. एखादी डिस्क तपासणी मधे आली, एखादी स्क्रिप्ट दोन प्रक्रिया जास्त काढून गेली, की पुढच्या सगळ्यांचे क्रमांक सरकतात. म्हणूनच आठवडेच्या आठवडे काही व्हायचं नाही आणि मग एका शुक्रवारी आकडा नेमका त्या दोन जागांवर पडायचा. वायपीसर्व्ह बंद करून चालू केलं की नवा पीआयडी, नवा पोर्ट आणि आजार गायब. दोष योगायोगाचा वाटत होता, प्रत्यक्षात भागाकाराचा होता.

कारण कळल्यावर उपाय करायचे ते एकाच जागी करून भागणार नव्हतं. सरांशी बोलून आम्ही तीन पातळ्यांवर काम करायचं ठरवलं.

सर्वांत खरा उपाय म्हणजे बीएमसीला तिची स्वतःची केबल देणं. आमच्या हेड नोडला मागे व्यवस्थापनाचं वेगळं जॅक होतं, पण ते रिकामंच राहिलं होतं, कारण बीएमसी कोणी वापरतच नव्हतं. इथे एक गोष्ट मी सगळ्यांना आवर्जून सांगते. बीएमसी वापरत नसलात तरी ती पॅकेट उचलते. तिला आयपी दिलेला नसेल, तिचा पासवर्ड कोणाला माहीत नसेल, तरी कार्डातला फिल्टर चालू असू शकतो. "आम्ही आयपीएमआय वापरत नाही" हे उत्तर या दोषाला लागू पडत नाही.

केबल लावून काम संपत नाही. बायॉसमध्ये किंवा बीएमसीच्या पानावर वाटेची निवड असते: स्वतंत्र, सामायिक किंवा फेलओव्हर. आमच्याकडे फेलओव्हर होतं. फेलओव्हर म्हणजे स्वतंत्र जॅकवर जोडणी दिसली तर तिथे जायचं, नाही दिसली तर सर्व्हरच्या कार्डात शिरायचं. ऐकायला सोयीचं वाटतं. पण काही फर्मवेअर हा निर्णय वीज आल्या क्षणी घेतात. गुरुवारी संध्याकाळी वीज परत येते तेव्हा व्यवस्थापनाचा स्विच स्वतः सुरू व्हायलाच वेळ घेतो. तोवर बीएमसीला केबल मेलेली दिसते आणि ती सामायिक वाटेवर जाऊन बसते. म्हणजे वेगळी केबल लावूनसुद्धा नेमक्या त्याच दिवशी जुना दोष परत यायची सोय. जिथे वेगळं जॅक होतं तिथे आम्ही सगळीकडे सेटिंग "स्वतंत्र" वर पक्कं केलं. फॅक्टरी रीसेट केला की ते पुन्हा मूळ जागी जातं, म्हणून फर्मवेअर बदलल्यानंतर तपासायच्या गोष्टींत ही ओळ कायमची घातली.

वेगळ्या स्विचसाठी पैसे मागताना सुरक्षेचा मुद्दा फार उपयोगी पडला. २०१३ च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या यूएस-सर्ट या सायबर सुरक्षा संस्थेने आयपीएमआयच्या धोक्यांबद्दल इशारा दिला होता. आयपीएमआय २.० च्या लॉगिन पद्धतीतच असं आहे की विचारणाऱ्याने स्वतःला सिद्ध करण्याआधीच बीएमसी त्याला पासवर्डवरून काढलेला हॅश देऊन टाकते. तो घरी नेऊन निवांत फोडता येतो. ही प्रोटोकॉलची रचना आहे, फर्मवेअर बदलून ती जात नाही. अशी गोष्ट विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपांसोबत एकाच नेटवर्कवर ठेवायची का, हा प्रश्न विभागप्रमुखांना लगेच पटला. पोर्टांच्या भांडणाबद्दल मी केलेलं टिपण त्यांनी नंतर वाचलं, पण स्विच या मुद्द्यावर मंजूर झाला. त्यावर फक्त बीएमसीच्या केबली आहेत, वेगळ्या व्हीलॅनमध्ये (स्विचवरच्या स्वतंत्र आभासी नेटवर्कमध्ये), आणि तिथे जायचा रस्ता एकाच यंत्रातून.

दुसरी पातळी नोडांसाठी लागली. आमच्या जुन्या नोडांना व्यवस्थापनाचं वेगळं जॅकच नव्हतं, बीएमसीला उसनी वाट हीच एकमेव वाट. आणि नोडवरही तोच खेळ चालू होता, फक्त कमी दिसायचा. एखाद्या नोडवर वायपीबाइंडच्या हातात ते पोर्ट आले की तो एकटा नोड रुसायचा आणि आम्ही तो पुन्हा सुरू करून पुढे जायचो. तिथे हे दोन पोर्ट ऑपरेटिंग सिस्टिमकडून कोणी घेणारच नाही अशी व्यवस्था करायला हवी होती.

डेबियन आणि सुसे या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारांत हे काम फार नेटकेपणाने केलेलं आहे. तिथल्या जीलिबसीत बाइंडरेझव्हपोर्टला एक वर्ज्य यादी वाचायला शिकवलेलं आहे. ईटीसी फोल्डरमध्ये बाइंडरेझव्हपोर्ट.ब्लॅकलिस्ट नावाची फाइल असते आणि तिच्यातले आकडे ते फंक्शन घेत नाही. डेबियनच्या फाइलीत ६२३ आणि ६६४ आधीपासून लिहिलेले आहेत, शेजारी काही कार्डांवर आयपीएमआय हे पोर्ट वापरतं अशी टीपही आहे. त्याच यादीत छपाईसेवेचा ६३१ आहे, एलडॅपएसचा ६३६ आहे, सुरक्षित आयमॅपचा ९९३ आहे. ती फाइल पहिल्यांदा उघडली तेव्हा मला अनोळखी माणसांबद्दल फार कृतज्ञता वाटली. आम्ही ज्याच्यामागे महिने घालवले ते कोणीतरी आधीच शोधून, पुढच्याला त्रास होऊ नये म्हणून दोन ओळींत लिहून ठेवलं होतं.

सेंटओएस ६ वर ही यादी नव्हती. तिथे जुन्या जाणकारांकडून एक उपाय ऐकला: एक्सआयनेटडी या, इतर सेवा मागणीनुसार चालू करणाऱ्या, सेवेत ६२३ आणि ६६४ वर खोट्या सेवा बसवायच्या, म्हणजे पोर्ट अडलेला दिसेल आणि दुसरं कोणी घेणार नाही. कल्पना बरोबर, पण वेळ चुकते. त्या काळच्या सुरुवातीच्या क्रमात आरपीसीबाइंड १३ व्या पायरीवर येतं आणि एक्सआयनेटडी ५६ व्या. तोवर आरपीसीच्या सेवांनी आपापले पोर्ट घेऊन झालेले असतात. जागा राखायला येणारा सगळे बसल्यावर पोहोचला तर त्याचा काय उपयोग?

याच कामासाठी पोर्टरिझर्व्ह हे छोटं साधन आहे आणि ते ११ व्या पायरीवर येतं, आरपीसीबाइंडच्या आधी. त्याच्या फोल्डरमध्ये एक फाइल ठेवायची, तिच्यात पोर्ट आणि प्रोटोकॉल लिहायचा. ते सुरू झालं की तो पोर्ट स्वतः धरून बसतं. ज्या सेवेसाठी राखलाय ती सेवा सुरू होताना पोर्टरिलीझ चालवून त्याला "आता सोड" असं सांगते. आमच्या दोन पोर्टांसाठी "सोड" सांगणारं कोणी नव्हतं, म्हणून ते कायमचे धरलेले राहिले. आम्हाला तेच हवं होतं. बाइंडरेझव्हपोर्टला पोर्ट व्यापलेला दिसतो आणि ते पुढे सरकतं. आमच्याकडे त्रास फक्त यूडीपीचा होता, तरी टीसीपीही राखून ठेवले, कारण दुसऱ्या बनावटीच्या कार्डांचं वागणं वेगळं असू शकतं आणि दोन पोर्ट गेल्याने काही बिघडत नाही.

तिसरी पातळी म्हणजे शक्य त्या सेवांना ठरलेलं घर देणं. वायपीसर्व्हला ८३४ दिला, एनआयएसच्या नकाशांची ने-आण करणाऱ्या सेवेला ८३५. एनएफएसच्या सेटिंग फाइलीत तिच्या मदतनीस सेवांसाठी नमुन्याचे आकडे दिलेलेच असतात, फक्त त्यांच्यापुढचं टिप्पणीचं चिन्ह काढायचं: माउंटडीला ८९२, स्टॅटडीला ६६२, आरकोटाडीला ८७५, लॉकडीला टीसीपी ३२८०३ आणि यूडीपी ३२७६९. याचा जोडफायदा असा की फायरवॉलचे नियम एकदाचे ठरतात. मात्र घर ठरवून दिलं म्हणून ते रिकामं राहीलच असं नाही. ठरलेल्या ८३४ वर दुसरी एखादी आरपीसी सेवा आधीच जाऊन बसू शकते. म्हणून हे आकडेही पोर्टरिझर्व्हच्या यादीत गेले, पण यांच्यासाठी सेवा सुरू होण्याआधी पोर्टरिलीझची ओळ घातली.

याच सुमारास एका तरुण सहकाऱ्याने विचारलं, "मॅडम, एवढं कशाला? कर्नलमध्ये आयपी लोकल रिझर्व्ह्ड पोर्ट्स म्हणून सेटिंग आहे, त्यात ६२३, ६६४ लिहून टाकू." प्रश्न चांगला होता आणि हा गैरसमज मी नंतर बऱ्याच ठिकाणी पाहिला, म्हणून सविस्तर सांगते. ते सेटिंग फक्त तेव्हा लागू होतं जेव्हा प्रोग्रॅम कर्नलला म्हणतो, "मला कुठलाही पोर्ट दे." तेव्हा कर्नल सहसा ३२७६८ च्या पुढचे पोर्ट वाटतो, ६६४ त्यात मुळात येतच नाही. बाइंडरेझव्हपोर्ट असं विचारत नाही. ते स्वतः आकडा ठरवून "मला ६६४ दे" असं नाव घेऊन मागतं, आणि नाव घेऊन मागितलेल्या पोर्टाला ते सेटिंग आडवं येत नाही.

त्या सेटिंगची खरी जागा वेगळी आहे. जास्त जोडण्या लागतात म्हणून लोक आपोआप वाटल्या जाणाऱ्या पोर्टांची पट्टी १०२४ पासून ६५५३५ पर्यंत ताणतात. मग इंटेलच्या एएमटी या, डेस्कटॉप दूरवरून सांभाळायच्या, सोयीचे १६९९२ ते १६९९५ हे पोर्ट त्या पट्टीत येतात. कार्यालयातल्या ज्या डेस्कटॉपांत एएमटी चालू आहे, तिथे हे आकडे त्या सेटिंगमध्ये लिहून ठेवणं शहाणपणाचं आहे.

कर्नलचा स्वतःचा एनएफएस क्लायंट मात्र या भानगडीत पडत नाही. तो बाइंडरेझव्हपोर्ट वापरत नाही, त्याची वेगळी पट्टी आहे आणि तिची खालची कड ६६५ आहे. पूर्वी ती ६५० होती. ती नेमकी ६६४ च्या एक पाऊल पुढे नेलेली आहे, आणि कशासाठी हे आता मला वेगळं सांगायला नको. एनएफएसच्या तक्रारींवर शोधताना कोणी ही कड "जास्त पोर्ट मिळावेत" म्हणून खाली आणायचा सल्ला देत असेल, तर तो आपल्या यंत्रावर वापरण्याआधी बीएमसीची वाट कुठून जाते ते पाहावं.

हे सगळं झाल्यावर एक छोटी स्क्रिप्ट ठेवली. यंत्र सुरू झालं की ती पाहते: ६२३ आणि ६६४ कोणाच्या हातात आहेत, पोर्टरिझर्व्हच्या की आणखी कोणाच्या, बीएमसीची वाट "स्वतंत्र" आहे की बदलली, आणि इथटूलमधला तो एसएमबसचा आकडा वाढतोय का. यातलं काहीही चुकलं तर मेल येतो. पुढच्या गुरुवारी वीज गेली, आली, शुक्रवार सकाळ झाली, दारात कोणी नव्हतं. प्रबंधवाली मुलगी दुपारी आली ती वेगळ्याच कामाने, आलेख कसा छापायचा ते विचारायला. तिला मी भागाकाराची गोष्ट सांगितली. तिने कागदावर ४२४ ने भागून पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे दर वेळी शक्यता काढता आली असती." आणि तिने ती तिथेच काढायला घेतली.

सेंटओएस ६ चा आधार २०२० च्या नोव्हेंबरमध्ये संपला. नंतरच्या क्लस्टरवर आम्ही एनआयएस घेतलं नाही. खाती एलडॅप या निर्देशिका सेवेवर गेली, घरं एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीवर, जी एकट्या २०४९ वर चालते आणि तिला माउंटडी, स्टॅटडीचा गोतावळा लागत नाही. पोर्ट दर वेळी बदलणाऱ्या सेवा जेवढ्या कमी, तेवढी ही टक्कर दुर्मिळ. तरी जुनी तिसरी आवृत्ती एखाद्या उपकरणासाठी ठेवावी लागते आणि तिथे स्टॅटडी परत येतं, म्हणून यादी आम्ही काढून टाकलेली नाही. नवीन यंत्रांच्या बीएमसीशी आता रेडफिश या नव्या पद्धतीने, म्हणजे ४४३ वर, बोललं जातं. पण त्यांच्यात ६२३ वरचं आयपीएमआय बहुधा असतंच, नको असेल तर ते मुद्दाम बंद करावं लागतं.

खरेदीच्या निविदेत आता आम्ही दोन अटी लिहितो: प्रत्येक सर्व्हरला व्यवस्थापनाचं स्वतंत्र जॅक असावं, आणि बीएमसीची वाट त्या जॅकवर पक्की करता यावी. यंत्रं आली की पावतीवर सही करण्याआधी सर आणि मी एक चाचणी करतो. नव्या यंत्रावर नेटकॅट ६२३ वर ऐकत ठेवायचं, शेजारच्या यंत्रावरून यूडीपीने एक ओळ पाठवायची आणि ती पोहोचते का पाहायचं. मग ६६४ वर तेच. मग व्यवस्थापनाची केबल काढून, वीज पूर्ण बंद करून, पुन्हा चालू करून दोन्ही चाचण्या परत. गेल्या खेपेच्या यंत्रांत एक असं निघालं की केबल काढल्यावर ६२३ ची ओळ पोहोचली नाही. पुरवठादाराच्या माणसाने तिथेच बसून त्याच्या बीएमसीचं सेटिंग बदललं, आम्ही पुन्हा ओळ पाठवली, ती आली, आणि मग सरांनी सही केली.